भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवले तर मालकाने भाडं वाढवावं का?

अबोली

नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या घराचा आहे. घरात दोन तट पडलेत म्हणून इथे मांडते. थोडं लांबेल.

कर्वेनगरला आईचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, बाबांनी १९९४ साली फंड काढून घेतलेला. बाबा गेल्यापासून आई सिंहगड रोडला भावाकडे असते, मी ठाण्याला. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट एका नवराबायकोला दिला. रीतसर लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचं, एकदा नव्याने केलेलं. भाडं २४,०००, डिपॉझिट ७२,०००. माणसं चांगली. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे येतात, एकदाही मागावे लागले नाहीत.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला की बाथरूममधून पाणी झिरपतंय. आई प्लंबरला घेऊन गेली. दार उघडलं ते कधी न पाहिलेल्या मुलाने. त्याने विचारलं, "आजी, कोण पाहिजे तुम्हाला?" आईला ते फार लागलं. आपल्याच दारात.

मग कळलं ते असं. बायकोची बदली आठ महिन्यांपूर्वी बेंगळुरूला झाली. त्यानंतर भाडेकरूने दुसऱ्या बेडरूममध्ये दोन मुलं ठेवली. एक हिंगोलीचा, राज्यसेवेचा अभ्यास करतो. दुसरा कणकवलीचा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रात्रपाळीला असतो. दोघं दरमहा प्रत्येकी ९,००० देतात आणि प्रत्येकाकडून २५,००० डिपॉझिट घेतलंय. म्हणजे आईला मिळणाऱ्या २४,००० पैकी १८,००० ही मुलं भरतात आणि मोठी बेडरूम स्वतःकडे ठेवून हा ६,००० त राहतो. फोनवर म्हणाला, "काकू, सांगायचं राहून गेलं."

भाऊ म्हणतो, ३०,००० दे, नाहीतर घर सोड. आई म्हणते, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?" तिला पैशापेक्षा ते टोचतंय. मला भावाचं पटत नाही आणि नुसतं सोडून देणंही पटत नाही. पोटभाडेकरू ठेवले म्हणून मालकाने जास्त भाडं घेणं योग्य आहे का? घ्यायचं तर कशाच्या हिशोबाने?

वाड्यातला

तुमचा भाऊ बरोबर आहे, आणि ३०,००० सुद्धा कमी आहेत. राग मानू नका, पण आम्ही यात घर गमावलंय.

शनिवार पेठेत आजोबांचा वाडा होता. एका भाडेकरूने कोथरूडला स्वतःचा बंगला बांधला, पण वाड्यातल्या दोन खोल्या सोडल्या नाहीत. तिथे एक कुटुंब आणून ठेवलं, विचारलं की "भाचा आहे". आजोबांना महिना १२ रुपये मिळायचे. 'भाचा' त्याला किती द्यायचा हे त्याच्याच तोंडून कळलं, साडेतीनशे. लघुवाद न्यायालयात वडिलांची उमेद गेली. नातं खोटं आहे हे सिद्ध कोण करणार? पैसे रोख, पावती नाही. १२ रुपयांत कौलं तरी फिरवता येतात का? मागची भिंत एका पावसाळ्यात बसली. मग बिल्डर आला.

त्यामुळे पोटभाडेकरू म्हटलं की मला घाम फुटतो. पहिला माणूस शिरला तेव्हाच बोलायचं असतं.

सातवा मजला

भाडं घराचं असतं, माणसांचं नाही. घर तेच, भिंती त्याच, करार झालेली रक्कम पाच तारखेच्या आत येते. आत दोन माणसं राहिली की तीन, मालकाचं काय गेलं? नवराबायको आणि एक मूल असतं तर वाढवलं असतं का भाडं?

अबोली

@सातवा मजला, मूल झालं असतं तर आईने बाळंतविडा नेला असता. प्रश्न डोक्यांचा नाही. आमचं घर दुसऱ्याला देऊन तो पैसे घेतोय आणि आम्हाला ठाऊक नाही, हा आहे.

दिवाणी

वकिली करतो, मुख्यतः भाड्याच्याच दाव्यांमध्ये. दोन वेगळ्या गोष्टी इथे एक होतायत, त्या आधी सोडवू.

वाड्यातला यांची गोष्ट भाडेकरूची आहे. तुमच्या आईंच्या घरात कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नाहीच. तो परवानाधारक आहे, लायसन्सी. भाडेकरूचा जागेत हक्क तयार होतो. लायसन्सीला फक्त वापरायची मुभा असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे आणि कलम ५६ सांगतं की असा परवाना दुसऱ्याला देता येत नाही. जे त्याचं नाही ते तो पुढे देऊच शकत नाही. तुमच्या करारात बहुतेक तसं कलम असेलही. बघा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) भाडेकरूलाही तेच सांगतो. उलट करार नसेल तर कलम २६ प्रमाणे पोटभाड्याने देता येत नाही, आणि बेकायदा दिलं तर कलम १६ खाली मालक ताबा मागू शकतो.

आता भाडेवाढीचं. लिव्ह अँड लायसन्सचं भाडं दोघांच्या संमतीने ठरतं. मुदत संपली की नवीन आकडा सांगायला तुमचा भाऊ मोकळा आहे. मुदतीच्या मध्ये एकतर्फी वाढवता येत नाही. करार मोडला म्हणून नोटीस देता येते, ती वेगळी गोष्ट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कृपया हे करू नका: सगळं माहीत असताना, कागद न करता, वरचे ६,००० घ्यायला लागणं. पुढे वाद झाला तर "मालकाला ठाऊक होतं, त्यांनी त्याचे पैसेही घेतले" हा बचाव तुम्ही स्वतःच त्याच्या हातात दिलेला असेल. जास्त भाडं ही शिक्षा वाटते, कोर्टात ती संमती ठरू शकते.

गिरगावकर आजोबा

वय ७८. ठाकूरद्वारच्या चाळीत जन्म, अजून तिथेच. पोटभाडेकरू म्हणजे लबाडी असं सरसकट बोलू नका, एवढंच सांगायला आलो.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं आणि वर दोन 'पेइंग गेस्ट' होतो, तेव्हा हा शब्द नव्हता. गावचे होते. गिरणगावात तर एका खोलीत वीस-वीस जण असायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर. कोकणातल्या गावांच्या मंडळांच्या खोल्या असायच्या, महिन्याची वर्गणी भरायची आणि ट्रंक ठेवायची. खोली ज्याच्या नावावर तो सगळ्यांकडून थोडं थोडं घेई, त्याची बायको खाणावळ चालवी. मुंबईच्या गिरण्या यावर उभ्या राहिल्या. मालकाला कुणी विचारलं नाही आणि मालकानेही वर पाहिलं नाही.

मग ते बिघडलं कुठे? १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. लढाईनंतर घरांची टंचाई होती, तेव्हा ते रास्त होतं. पण ती गाठ पन्नास वर्षं कुणी सोडली नाही. मालकाला तीस रुपये आणि पोटभाडेकरूकडून मूळ भाडेकरूला तीनशे, असं व्हायला लागलं. त्याच कायद्याने पोटभाड्याला मनाई केली होती, पण माणसं तर राहत होती. म्हणून १९५९ साली सरकारने असलेल्या पोटभाडेकरूंना अभय दिलं आणि १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख धरून पुन्हा एकदा दिलं. त्या दिवशी जो लायसन्सवर राहत होता तो भाडेकरू झाला. ती तारीख माझ्या पिढीतल्या चाळकऱ्यांना पाठ आहे. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही, त्यातून हा १९९९ चा कायदा आला. आता आमचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतं.

मालकाने भाडेकरूच्या फायद्यात वाटा मागणं हेही मुंबईला नवीन नाही. पागडीची खोली, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेली, हस्तांतरित झाली की मालक रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा घेतो. पूर्वी ते चोरून चाले, १९९९ च्या कायद्यात कलम ५६ ने त्याला मान्यता मिळाली. तेव्हा ताई, तुमच्या भावाची मागणी जुनीच आहे. फक्त पागडीत मालक वाटा मागतो कारण त्याला भाडं जवळजवळ मिळतच नाही. तुमच्या आईंना बाजारभावाने पूर्ण भाडं मिळतंय ना?

अबोली

आजोबा, हो. तेव्हा त्या भागात जो भाव होता तोच घेतला होता. तुमच्या शेवटच्या वाक्याने विचारात पडले.

चारपाई

दुसरी बाजू मांडतो, कारण तुमच्या भाडेकरूच्या जागी मी आहे. बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट माझ्या नावावर घेतलाय आणि चार मुलं ठेवलीत. फरक एवढाच की मालकांना पहिल्या दिवसापासून सांगितलं आहे आणि करारात तसं लिहिलेलं आहे.

वरकड पैसे मला फुकट मिळतात असं वाटतं लोकांना. एजंटला एक महिन्याचं भाडं मी दिलं. डिपॉझिटचा लाख माझा अडकलाय. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, गाद्या, इंटरनेट, पाण्याचा फिल्टर सगळं माझं. भांडीवाल्या मावशी मी लावल्या. एखादा मुलगा मेमध्ये परीक्षा संपवून गेला आणि जुलैपर्यंत कॉट रिकामी राहिली तर ते दोन महिने मी भरतो, मालकांना त्याची झळ नाही. महिन्याला तीन-साडेतीन हजार सुटतात. त्यावर मालकांनी हक्क सांगितला तर मी विचारेन, रिकाम्या कॉटचे पैसे वाटून घ्याल का?

पण लपवलं, हे चूकच.

वाड्यातला

@चारपाई, तुम्ही धंदा करताय. करा, पण धंद्याचं भाडं द्या. राहायला घेतलेल्या घराचं भाडं आणि कॉट बेसिसवर चालवायच्या घराचं भाडं सारखं कसं?

चारपाई

देतोच आहे. शेजारच्या तसल्याच फ्लॅटपेक्षा २,००० जास्त. मालकांनी सुरुवातीलाच सांगितलं की चार-पाच पोरं राहिली की नळ, कड्या, गीझर लवकर जातात. मला पटलं, दिले.

निशिगंध

इथे मालक बोलले, भाडेकरू बोलले. मी पोटभाडेकरू होते.

२०१६ साली खराडीला. आम्ही तिघी, चौथी मूळ भाडेकरू. करार तिच्या एकटीच्या नावावर. मी १८,००० डिपॉझिट तिला दिलं. सहा महिन्यांनी मालकांना कळलं की आम्ही राहतो. त्यांनी आम्हाला काढलं नाही, भाडं ४,००० ने वाढवलं. त्यांना वाटलं असेल की तिला चाप लावला. तिने संध्याकाळी सांगितलं, मालकाने भाडं वाढवलंय, प्रत्येकीने दीड हजार जास्त द्या. म्हणजे चार हजारांच्या वाढीवर तिने पाचशे आणखी काढले. मला तेव्हा १६,००० पगार होता.

त्यानंतर तीन महिने तिने मालकांना भाडंच दिलं नाही. आम्ही तिला देत होतो. एका रविवारी संध्याकाळी मालक मुलाला घेऊन आले, म्हणाले आत्ता निघा. तिचा फोन बंद. पोलीस चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, करारावर तुमचं नाव कुठे आहे? नव्हतंच. रात्री साडेदहाला मैत्रिणीच्या स्कूटरवरून तीन खेपा करून सामान हलवलं. १८,००० गेले ते गेलेच. घरी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

अबोलीताई, तुमच्या भावाला एकच विचारा. हे वरचे सहा हजार कोणाच्या खिशातून येणार? जो ६,००० त राहतोय तो स्वतः भरणार नाही. ते हिंगोलीच्या मुलाच्या घरून येणार आहेत. आणि त्याबदल्यात त्याला काय मिळणार? करारावर नाव सुद्धा नाही.

सातवा मजला

निशिगंध, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. "मालकाचं काय गेलं" असं मी वर लिहिलं होतं. तिसऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता मी.

इझारकाठ

म्युनिकहून लिहितोय. इथे हाच प्रश्न कायद्यात लिहिलेला आहे, म्हणून सांगतो.

जर्मन नागरी संहितेत कलम ५५३ आहे. राहत्या घराचा काही भाग पोटभाड्याने द्यायचं रास्त कारण करारानंतर निर्माण झालं, म्हणजे जोडीदार दुसऱ्या गावी गेला, उत्पन्न घटलं वगैरे, तर भाडेकरू मालकाकडे परवानगी मागू शकतो आणि ठोस कारण असल्याशिवाय मालक नाही म्हणू शकत नाही. येणारा माणूस अयोग्य आहे, जागा फार दाटीची होते, अशी कारणं चालतात. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या दुसऱ्या पोटकलमात आहे: जर वाढीव भाड्याशिवाय ही परवानगी देणं मालकावर अन्याय ठरत असेल, तर तो वाजवी वाढीच्या अटीवर परवानगी देऊ शकतो. न विचारता माणूस ठेवला तर मात्र करार जाऊ शकतो.

आम्ही दोघं इथे आलो तेव्हा पहिले आठ महिने पोटभाड्यानेच होतो. मला सर्वात दिलासा कशाचा वाटला सांगू? नवीन पत्त्यावर गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंद करावी लागते आणि घर देणाऱ्याकडून तसं लेखी प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आम्ही पोटभाडेकरू असलो तरी त्या घरात राहतो हे सरकारी दप्तरात होतं. निशिगंध यांना चौकीत जो प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर आमच्याकडे कागदावर होतं.

दिवाणी

चांगली माहिती. आपल्याकडे केंद्राने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात कलम ७ असंच आहे. मूळ कराराला पुरवणी करार जोडल्याशिवाय पोटभाड्याने देता येणार नाही, आणि दिलं तर मालक-भाडेकरूंनी मिळून दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायचं. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. आपलं काम १९९९ च्या कायद्यानेच चालतं. पण तुम्हाला पुरवणी करार करायला आजही कुणी अडवलेलं नाही.

पणजीची पाऊलवाट

गोव्यातून. इथे प्रकार वेगळाच आहे आणि माझं मत वाड्यातला यांच्याजवळ जातं. वर्षाच्या भाड्याने घर घ्यायचं आणि रात्रीच्या दराने पर्यटकांना द्यायचं. माझ्या मावशीला आपल्या घराचे फोटो फोनवर दिसले, अंगणातल्या तुळशीसकट. पर्यटकांना घर द्यायचं तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते, ती त्याने केलीच नव्हती. उद्या दंड झाला तर विचारणा घरमालकिणीलाच होणार. अशा ठिकाणी जास्त भाड्याचा प्रश्नच येत नाही, घर परत घ्यायचं. राहण्यासाठी दिलेलं घर राहण्यासाठीच वापरलं जातंय का, हे मी आधी पाहीन. तुमच्याकडे मुलं राहतायत, अभ्यास करतायत. ते वेगळं.

चिटणीसबाई

मी एका सोसायटीची सेक्रेटरी आहे, नऊ वर्षं. मुलं कोण आहेत हे सोसायटीला कळवणं आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, एवढं आजच करा. उद्या काही झालं तर पोलीस आईंकडे येतील. आग लागली तर वर किती माणसं आहेत हे तरी वॉचमनला ठाऊक हवं.

पण मला बोलायचंय ते दुसरंच. ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल, पूर्वी फ्लॅट भाड्याने दिला की सोसायट्या मालकाकडून मन मानेल ते बिनभोगवटा शुल्क घ्यायच्या. कुठे चौरस फुटाला इतके, कुठे भाड्याच्या टक्क्यांत. मालक चिडायचे. म्हणायचे, घर माझं, मेंटेनन्स मी भरतो, माझ्या भाड्यात सोसायटीचा वाटा कसला? भाडेकरू राहिला म्हणून सोसायटीचा खर्च असा कितीसा वाढतो? आणि ते बरोबर होतं. म्हणून १ ऑगस्ट २००१ ला सरकारने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली आदेश काढला. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, सेवा शुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत, आणि जवळचे नातेवाईक राहत असतील तर शुल्कच घ्यायचं नाही. सोसायट्या कोर्टात गेल्या. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आदेश उचलून धरला.

आता तेच आपण घरमालक भाडेकरूला म्हणतोय: तू कमावतोस, माझा वाटा दे. आपल्यावर जो न्याय लागू झाला तो आपणही पाळायला हवा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. खर्च वाढला असेल, झीज वाढली असेल, तर तेवढं घ्या आणि कशाचं ते सांगा. दुसऱ्याच्या मिळकतीकडे बोट दाखवून आकडा ठरवू नका.

वाड्यातला

चिटणीसबाई, सोसायटीची तुलना अर्धीच लागू पडते. सोसायटीचा सभासद स्वतः मालक असतो. भाडेकरू मालक नाही. समजा, मी माझं घर स्वस्तात दिलं कारण जोडपं आहे, घर नीट ठेवतील असं वाटलं. तीन पोरं येणार हे आधी सांगितलं असतं तर मी वेगळा भाव सांगितला असता. तो भाव ठरवायची संधी माझ्यापासून लपवून काढून घेतली, त्याची भरपाई नको?

चिटणीसबाई

हे मान्य. तेवढा फरक मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण तो फरक चारपाईंच्या मालकांनी सांगितला तसा दोन हजारांच्या घरात येतो. सहा हजार कुठून आले? तो बिचाऱ्या मुलांकडून किती घेतो त्यावरून आले.

दिवाणी

कराचंही लक्षात घ्या. आईंना मिळणारं भाडं 'घरापासूनचं उत्पन्न' धरतात, त्यावर ३० टक्के ठोक वजावट मिळते. पोटभाडं घेणारा मालक नसल्यामुळे त्याचं उत्पन्न 'इतर उत्पन्न' धरलं जातं, ती वजावट त्याला नाही. तो हे दाखवतोय की नाही ते त्याचं तो बघेल, पण आईंनी यातला एक रुपयाही रोखीत घेऊ नये.

अबोली

मंडळी, सगळं आईला वाचून दाखवलं. निशिगंधचं दोनदा वाचायला लावलं तिने. मग म्हणाली, "त्या मुलांना चहाला बोलाव."

कालच्या रविवारी तिघेही आले, भाऊही होता. भाडेकरू खजील होता. बायको गेल्यावर एकट्याला २४,००० झेपेनात, दोन महिने कसेबसे भरले आणि मग मित्राच्या ओळखीने ही मुलं आली, असं म्हणाला. मुलांच्या भाड्यात त्याने फ्रिज, गॅस, इंटरनेट आणि मावशींचा पगार धरला होता, तो हिशोबही दाखवला. सगळं धरूनही त्याचं पारडं जड होतं, आणि हे त्याने नाकारलं नाही. हिंगोलीच्या मुलाने सांगितलं की कोण आलं तर 'मित्र आहे' असं सांगायचं, असं त्याला बजावलं होतं. आईने मध्येच विचारलं, "मग मला कोण पाहिजे म्हणून का विचारलंस?" तो म्हणाला, "आजी, मला काय माहीत तुम्ही मालकीणबाई. मला वाटलं चुकून वर आलात." त्यावर आई हसली, आठवड्यात पहिल्यांदा.

ठरलं ते असं. चालू करार दोघांच्या संमतीने संपवायचा आणि तिघांच्या नावाने नवीन करायचा, अकरा महिन्यांचा. भाडं २५,५००. वरचे १,५०० कशाचे ते आईने कागदावर लिहिलं: तीन स्वतंत्र माणसं राहिल्याने नळ-गीझर-रंगाची झीज, आणि बाजारात दोन वर्षांत वाढलेला थोडा भाव. मोठी बेडरूम एकट्याची म्हणून भाडेकरू १०,५०० देणार, मुलं प्रत्येकी ७,५००. फ्रिज-इंटरनेट-मावशी यांचा खर्च तिघांनी तीन भागांत वेगळा वाटायचा.

डिपॉझिट ७२,००० च राहील, पण प्रत्येकाच्या नावावर २४,०००. आई भाडेकरूला ४८,००० परत करणार, तो मुलांचे २५-२५ हजार परत करणार, मुलं त्यातले २४-२४ हजार आईच्या खात्यात भरणार. मुलांचे वरचे हजार-हजार त्याने तिथेच फोनवरून पाठवले.

भावाला अजून वाटतं की आपण मऊ वागलो. त्याचं म्हणणं, लपवल्याची काही किंमत नको का? मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आईने दिलं. तिने भाडेकरूला सांगितलं की पुन्हा न सांगता माणूस आला तर त्या महिन्यात घर रिकामं करायचं, आणि ते कलम त्याच्याच हाताने मसुद्यात लिहून घेतलं.

निशिगंध

ताई, मुलांच्या हातात कराराची प्रत द्या. मूळ एकाकडे आणि बाकीच्यांना 'नंतर देतो' असं नको.

अबोली

नक्की. तिघांनाही ईमेलवर जाईल, आणि आई छापील प्रतही देणार आहे.

दिवाणी

उत्तम. नोंदणी कराच, १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास शिक्षेची तरतूद आहे. खर्च फार नाही. पुण्यात नोंदणी शुल्क १,०००, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरून तुमच्या आकड्यांत सातशेच्या आसपास होईल. तिघांत वाटून घ्या किंवा आईंनी निम्मं भरावं.

तिघांची जबाबदारी एकत्र की स्वतंत्र, हे स्पष्ट लिहा. नाहीतर एकाने भाडं थकवलं की बाकी दोघांच्या डिपॉझिटवर गदा येते.

गिरगावकर आजोबा

आईंना माझा नमस्कार सांगा. बाथरूमची गळती निघाली का?

अबोली

आजोबा, निघाली. फरशीखालचा पाइप बदलला, तो खर्च आईचाच.

दिवाणीकाका, एक राहिलं. राज्यसेवेवाला मुलगा पूर्वपरीक्षेनंतर कदाचित गावी जाईल म्हणतो. मध्येच एक गेला तर काय लिहायचं?

दिवाणी

एक महिन्याची लेखी सूचना. त्या महिन्यात उरलेल्या दोघांनी नवीन माणूस शोधायचा, आईंनी त्याला भेटून होकार द्यायचा, आणि त्याचं नाव पुरवणी कराराने घालून तीही नोंदवायची. जाणाऱ्याचे २४,००० आईंनी थेट त्याच्याच खात्यात परत करायचे, दुसऱ्या भाडेकरूमार्फत नाही. नवीन माणूस मिळेपर्यंत त्याचे ७,५०० कोणी भरायचे ते आत्ताच ठरवा, भांडणं तिथेच होतात.

अबोली

विचारलं तिघांना. पहिला महिना उरलेले दोघं निम्मे-निम्मे भरणार, दुसऱ्या महिन्यापासून आई तेवढं भाडं सोडणार, पण दोन महिन्यांपुरतंच. मसुद्यात घालते आहे. गुरुवारी सह्या.